आधीची चाहूल, जुळी नशिबं: फँटसी मालिकांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोल्हापूर आणि पंचक्रोशीत फँटसी मालिका लिहायला घेतलेली मंडळी बरीच आहेत, आणि जाडजूड खंडांचा फडशा पाडणारी त्याहून जास्त. दोघांचेही प्रश्न फिरून फिरून तेच असतात, म्हणून उत्तरं एका ठिकाणी लिहून ठेवली आहेत. टोल्किनची 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज' आणि जॉर्ज आर. आर. मार्टिनच्या 'अ साँग ऑफ आइस अँड फायर' या मालिकेचे पहिले खंड अजून वाचायचे असतील, तर ते आधी वाचा. खाली त्यातली रहस्यं सरसकट फुटली आहेत.

फोरशॅडोइंग म्हणजे नेमकं काय? क्लू म्हणतात तेच ना?

नाही. क्लू वाचकाने उचलावा म्हणूनच ठेवलेला असतो. फोरशॅडोइंग म्हणजे पुढच्या घटनेची आधीच दिलेली चाहूल; ती त्याने पहिल्या वाचनात उचलली नाही तरी बिघडत नाही, न उचललेलीच बरी. ती जिथे येते तिथे तिला स्वतःचं काम असतं. दुसरं काम ती तीनशे-चारशे पानांनंतर करते.

मार्टिनच्या पहिल्या खंडात (१९९६) सुरुवातीलाच स्टार्क घराण्यातल्या लोकांना बर्फात मेलेली एक अजस्र लांडगीण सापडते. तिच्या घशात सांबरशिंगाचा तुकडा रुतलेला असतो. लांडगा हे स्टार्कांचं चिन्ह, सांबर हे राजा रॉबर्टच्या घराण्याचं. मोठी माणसं शिंगाकडे बघून क्षणभर गप्प होतात, आणि लगेच पिल्लं मारायची की पाळायची हा वाद सुरू होतो. वाचकही पिल्लांच्या बाजूने वादात उतरतो आणि शिंग विसरतो. पुढे राजाच्या मैत्रीपायी नेड स्टार्क राजधानीत जातो आणि तिथे त्याचं मुंडकं उडतं. शिंगाला झाकायला मार्टिनने पिल्लं ठेवली होती. प्रसंगाचं उघड काम इतकं जिवंत असलं की त्याच्या आड काहीही लपतं.

याला आपल्याकडे जुना शब्द आहे का?

आहे, 'पताकास्थानक'. नाट्यशास्त्रात त्याचे प्रकार दिले आहेत. बोलणारा एका गोष्टीबद्दल बोलत असतो, मधेच दुसराच शब्द येऊन त्याला चिकटतो आणि पुढच्या घटनेची सूचना होते. भट्टनारायणाच्या 'वेणीसंहारा'त दुर्योधन भानुमतीला आपल्या मांडीवर बसायला सांगत असतो, तेवढ्यात कंचुकी, म्हणजे अंतःपुराचा म्हातारा सेवक, धावत येतो: मोडली हो, भीमाने मोडली! नंतर खुलासा होतो की 'भीम' म्हणजे भयंकर वारा, आणि मोडली ती रथावरची पताका. भवभूतीच्या 'उत्तररामचरिता'त राम म्हणतो की सीतेचं सगळं प्रिय आहे, असह्य आहे तो तिचा विरह. त्याच क्षणी प्रतिहारी, म्हणजे दारावरची सेविका, आत येऊन म्हणते, 'उपस्थितः', म्हणजे आलाच. आलेला असतो दुर्मुख, सीतेबद्दलचा लोकापवाद कानावर घालायला.

रोजच्या बोलण्यात चाहूल, सूतोवाच, पेरणी हे शब्द पुरतात. फसव्या चाहुलीला 'हूल' म्हणा. 'रेड हेरिंग'पेक्षा तो आपल्या तोंडात जास्त बसतो.

एक रहस्य किती वेळा पेरायचं?

मोठं रहस्य तीनदा. अंबाबाईच्या किरणोत्सवाचा हिशेब डोळ्यासमोर ठेवा. ९ नोव्हेंबरला मावळतीची किरणं देवीच्या पायांशी येतात, १० तारखेला छातीपर्यंत चढतात आणि ११ तारखेला चेहऱ्यावर. ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारी पुन्हा तोच क्रम. पहिली चाहूल अशी पायांपुरतीच ठेवा. दुसरी वेगळ्या पात्राच्या तोंडून, वेगळ्या कारणाने यावी. तिसरी वाचल्यावर वाचकाला कारण न कळता बेचैन वाटलं पाहिजे. आणि ढग, धुरळा किंवा वाटेत उभं राहिलेलं बांधकाम यांनी किरणं अडतात तशी चाहूलही अडते. दुसरी आणि तिसरी यांच्या मधे तुम्ही दोनशे पानांचं उपकथानक उभं केलंत, तर पहिली कोणाच्या लक्षातच राहत नाही.

एकेक लाख शब्दांचे चार खंड धरले आणि उलगडा तिसऱ्या खंडाच्या शेवटी असला, तर ढोबळ माप असं: पहिली चाहूल पहिल्या खंडाच्या पहिल्या तीस हजार शब्दांत, दुसरी दुसऱ्या खंडाच्या मध्याला, तिसरी उलगड्याच्या वीस-पंचवीस हजार शब्द आधी. अगदी आधीच्या प्रकरणात नको. वाचक म्हणतो, 'आत्ताच तर सांगितलंत की!'

छोट्या गोष्टीला एक चाहूल पुरे. कोण कोणाचा मामेभाऊ हे तीनदा सुचवलंत तर ते समजल्यावर वाचक फक्त 'बरं' म्हणेल.

एक चाहूल प्रत्यक्ष घडताना दाखवा.

समजा, डोंगरी किल्ला आहे. तिसऱ्या खंडात शत्रू खडकातल्या पाण्याच्या टाक्याखालून भुयार खणून वर येतो. खणताना खडकाला भेग जाते आणि पाणी झिरपायला लागतं. म्हणजे पहिल्या खंडात पाणी उतरलेलं दिसलं पाहिजे.

पहिला खर्डा: 'टाक्यातलं पाणी गूढपणे कमी होत होतं. कोणालाच कारण उमगत नव्हतं.' हे गेलं. 'गूढपणे' हा शब्द वाचकाच्या खांद्यावर हात ठेवून सांगतो की इथे काहीतरी आहे बरं का.

दुसरा खर्डा: 'यंदा पाणी लवकर आटलं, म्हातारी पुटपुटली.' थोडं बरं. पण पुटपुटणारी म्हातारी आली की सूचना आली, हे वाचकाला शंभर पुस्तकांनी शिकवलं आहे. शिवाय या वाक्याला आज काहीच काम नाही.

तिसरा खर्डा: 'मार्गशीर्षात सहावी पायरी उघडी पडती व्हय कधी? तुझ्या घागरी मोज आधी, गंगे,' म्हणत सुंदराने तिची घागर पायाने सरकवली.

आता हे भांडण झालं. गंगा पाणी चोरते का, सुंदरा एवढी खवट का, हे प्रश्न वाचकाला पडतात. पाणी का उतरलं हा प्रश्न पडत नाही, कारण सुंदराने उत्तर देऊन टाकलं आहे. सहावी पायरी मात्र छापली गेली. दुसऱ्या खंडात किल्ल्याचा कारकून हिशेबात लिहितो, 'माघात नववी पायरी, घोडी खाली पाठवावीत.' तिसऱ्या खंडात रात्रीच्या पहारेकऱ्याला पाण्यात बुडबुडे फुटल्याचा आवाज येतो आणि तो बेडूक म्हणून सोडून देतो. पाणी तेच, पण एकदा चोरीचा आळ, एकदा हिशेब, एकदा आवाज.

इथे हमखास एक चूक होते. नेहमी काय होतं हे वाचकाला ठाऊक नसेल, तर बिघडलेलं कळणार कसं? टाक्यातलं पाणी पावसाळा सरला की उतरतंच. 'मार्गशीर्षात कधी?' या चढ्या सवालातच नेहमीचं माप सांगून झालं आहे. त्यासाठी वेगळा परिच्छेद लिहावा लागला नाही.

प्रकरणात चाहूल कुठे ठेवावी?

परिच्छेदाच्या मधोमध. तीन वस्तूंची यादी असेल तर दुसरी वस्तू. भांडण, जेवण, थट्टा यांच्या ओघात. प्रकरणाच्या शेवटच्या ओळीत कधीच नको आणि तिरप्या अक्षरांत तर नकोच. 'का कोण जाणे', 'नकळत', 'पुढे याची मोठी किंमत मोजावी लागणार होती' हे शब्दप्रयोग फाइलमध्ये शोधून काढा आणि उडवा. 'पण नियतीच्या मनात काही वेगळंच होतं' हे वाक्य तर मराठीत कायमचं बंद केलं तरी कोणाचं नुकसान होणार नाही.

मराठीत क्रियापदच रहस्य फोडतं. त्याचं काय करायचं?

ही आपली खास डोकेदुखी, पण आपलं खास हत्यारही. बुरख्याआड कोण आहे हे लपवायचं असतं आणि 'आला' की 'आली' लिहावंच लागतं. मार्ग असे.

भविष्यकाळ वापरा. 'येईल', 'मारेल', 'जाळेल' ही रूपं तो, ती, ते तिघांनाही चालतात, म्हणून भाकीत मराठीत भविष्यकाळातच शोभतं. मात्र 'ज्याच्या' किंवा 'जिच्या' आलं की झाकण उघडलं. 'मारणारा' हेही तसंच. तिथे माणसाऐवजी अवयव किंवा वस्तू आणा: 'हा दरवाजा उघडेल तो हात राखेने माखलेला असेल.' हात पुल्लिंगी आहे, हाताचा मालक कोणीही असू दे.

सकर्मक भूतकाळातही सोय आहे, कारण तिथे क्रियापद कर्माच्या मागे जातं. 'मशाल उचलली, दार ढकललं' एवढ्यावरून करणारा कोण ते कळत नाही. अडचण 'त्याने-तिने' या सर्वनामांची. ती सलग दोन-तीन वाक्यं टाळता येतात, पानभर टाळली तर लेखक काहीतरी लपवतोय हे कळतं. आकृती, सावली ही स्त्रीलिंगी नामं वापरा, पण 'व्यक्ती' नको, त्याने पंचनाम्याचा वास येतो.

आणि एक घरचं साधन. कोल्हापुरात बायकाही 'मी येतो', 'मी जातो की' म्हणतात. बुरख्याआडून 'मी येतो' ऐकू आलं तर पुण्याचा वाचक पुरुष धरून चालेल, इथला धरणार नाही. हे वापरायचं असेल तर त्या मुलखातल्या दुसऱ्या एखाद्या बाईच्या तोंडी तसं बोलणं आधी, उजेडात, दोन-तीनदा येऊ द्या. नाहीतर ती फसवणूक होते.

भाषांतर करताना भविष्यवाणी जुळत नाही. उदाहरण द्याल का?

टोल्किनमधला विच-किंग, म्हणजे शत्रूचा सेनापती. तो 'मॅन'च्या हातून पडणार नाही असं भाकीत असतं, आणि त्याला संपवतात एओविन ही स्त्री आणि मेरी हा हॉबिट, म्हणजे बुटक्या जमातीतला पुरुष. इंग्रजी शब्दात माणूस आणि पुरुष दोन्ही बसतात, म्हणून कोडं उभं राहतं. मराठीत 'माणसाच्या हातून' लिहिलं तर भाकीत खोटं ठरतं, कारण एओविन माणूसच आहे. 'पुरुषाच्या हातून' लिहिलं तर पहिल्याच वाचनात कळतं की बाई मारणार. आमच्या मते 'कोणा मर्दाच्या हातून' हा सगळ्यात जवळचा पर्याय. 'मर्द' ऐकताना आपल्या कानाला आधी शूरपणा ऐकू येतो, पुरुषपणा नंतर लक्षात येतो. तेवढा वेळ पुरतो.

मार्टिनकडे उलटं आहे. 'वचन दिलेला राजपुत्र' येणार, हे भाकीत पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं असतं. चौथ्या खंडात (२००५) म्हातारा मेस्टर (म्हणजे विद्वान) एमॉन म्हणतो की चूक भाषांतराची होती, मूळ शब्दाला लिंगच नव्हतं आणि आपण सगळे राजपुत्र शोधत बसलो. तिथे मराठीत बिनधास्त 'राजपुत्र' लिहा. चूक कथेलाच हवी आहे.

वर आणि शाप हेही चाहुलीतच धरायचे का?

धरायचे, पण ते लपवायचे नसतात. हिरण्यकशिपूचा वर सगळ्यांसमोर असतो: ना दिवसा ना रात्री, ना घरात ना बाहेर, ना माणसाकडून ना पशूकडून. यादी लांबलचक असल्यामुळे ती भक्कम वाटते आणि उंबरठ्याची फट दिसत नाही. कर्ण तर अर्जुनाशी शेवटची गाठ पडण्याआधी आपले शाप स्वतःच शल्याला सांगतो. काय होणार ते सांगून टाकल्यावर 'कधी' हाच प्रश्न उरतो, आणि चाक रुतायला लागलं की श्रोत्याच्या पोटात गोळा येतो.

नियम एकच: वराचे किंवा शापाचे शब्द एकदा ठरले की शेवटपर्यंत शब्दशः तेच ठेवा. दुसऱ्या खंडात 'शस्त्राने' आणि तिसऱ्यात 'लोखंडाने' झालं, तर वाचक त्या फरकावर दहा तर्क बांधेल आणि ती साधी तुमची नजरचूक निघेल.

हूल किती द्यावी?

खऱ्या चाहुलीमागे फार तर एक. आणि हूलही रिकामी नसावी. वरच्या उदाहरणात गंगा दोन घागरी पाणी खरंच चोरत असू दे, घरी आजारी माणूस आहे म्हणून. मग आळ खरा, पण पाणी उतरण्याचं कारण तो नाही. असं असलं की उलगड्यानंतर वाचकाला फसवल्यासारखं वाटत नाही.

जुळी नशिबं म्हणजे काय? दोन पात्रं सारखीच मरतात ते?

सारखं मरणं हा त्यातला सर्वात स्वस्त प्रकार. खरी जोडी अशी: परिस्थिती सारखी, प्रश्न सारखा, उत्तर वेगळं.

टोल्किनचे थेओडेन आणि डेनेथॉर घ्या. दोघं म्हातारे, दोघांच्या हाती एकेक राज्य. दोघांनी पोटचा मुलगा गमावला आहे. दोघांच्या कानाशी शत्रूकडचा आवाज आहे: थेओडेनपाशी वर्मटंग या कपटी सल्लागाराचा सल्ला, डेनेथॉरपाशी पलान्टीर या दूरचं दाखवणाऱ्या गोळ्यातली दृश्यं. दोघांच्या सेवेत एकेक हॉबिट स्वतःहून तलवार ठेवतो, इकडे मेरी, तिकडे पिपिन. दोघं १५ मार्चलाच मरतात. एक रणात, दुसरा स्वतः पेटवलेल्या चितेवर. 'सगळं संपलं' असं सांगणाऱ्या आवाजाचं ऐकायचं की नाही, एवढाच फाटा. डेनेथॉरने पाहिलेली दृश्यं खोटी नव्हती, निवडून दाखवलेली होती, म्हणून त्याच्याबद्दल नुसता राग येत नाही.

जोडी फक्त दोघांत संपत नाही हेही बघा. मेरी राजाच्या मारेकऱ्यावर वार करतो आणि पिपिन धावत जाऊन जादूगार गँडाल्फला आणतो, म्हणून डेनेथॉरचा धाकटा मुलगा फारामिर वाचतो. खालच्या जोडीने वरच्या जोडीला उत्तर दिलं.

आपल्या दारातलं उदाहरण हवं तर पन्हाळा, जुलै १६६०. शिवा काशीद महाराजांचं सोंग घेऊन दुसऱ्या पालखीत बसले, बाजीप्रभू घोडखिंडीत उभे राहिले. दोघांनी एकाच माणसासाठी वेळच विकत घेतला, एकाने चेहऱ्याने, दुसऱ्याने तलवारीने. एकाचं काम ओळखलं न जाण्यात, दुसऱ्याचं समोर दिसण्यात. काल्पनिक मालिकेत अशी जोडी बांधायची असेल तर हा विरोध आधी ठरवा, मरणाचे प्रसंग नंतर.

दोघांत किती गोष्टी सारख्या ठेवाव्यात?

तीन उघड, एक झाकलेली आणि एक निर्णय वेगळा. पाचाच्या वर गेलात की ती जोडी साच्यातून काढल्यासारखी दिसते.

किल्ल्याच्या उदाहरणात गंगा आणि किल्लेदाराचा मुलगा यशवंत यांची जोडी लावू. दोघं एका वयाचे, दोघांना आई नाही, दोघं पहाटे टाक्यावर जातात, ती पाण्याला, तो पोहायला. झाकलेली गोष्ट: पाणी आपोआप उतरत नाही, हे दोघांनाही कळलेलं आहे. गंगा सांगते, पण ती पाणीचोर ठरलेली असल्यामुळे कोणी ऐकत नाही. यशवंत सांगत नाही, कारण टाक्यावर पोहायला बापाने मनाई केलेली असते. शेवटी दोघंही त्याच टाक्यात मरतात. आता ते मरण सारखं असूनही सारखं नाही. आणि हूल म्हणून टाकलेली चोरी इथे गंगेच्या नशिबाचं कारण झाली.

बहुतेक खर्डे इथे एकाच कारणाने फसतात: फाटा निर्णयावर न ठेवता योगायोगावर ठेवला जातो. एकाला बाण लागला, दुसऱ्याचा हुकला. त्यातून काहीच निघत नाही.

भावंडांची जोडी वेगळी हाताळावी लागते का?

हो, कारण भावंडं सारखी असणार हे वाचक धरूनच चालतो. तिथे फाटा लवकर आणि बारीक असावा. डेनेथॉरची मुलं बोरोमिर आणि फारामिर यांना एकच स्वप्न पडतं. फारामिरला आधी आणि अनेकदा, बोरोमिरला एकदाच. तरी प्रवासाला जायचा हट्ट बोरोमिर धरतो. अंगठीसमोर तो मोडतो, फारामिर मोडत नाही. स्वप्न खरं कोणाला पडलं होतं, ते पुस्तक मिटल्यावर टोचत राहतं.

दोनपेक्षा जास्त पात्रांची नशिबं जुळवता येतात का?

येतात, आणि महाभारताइतकं ते कोणी केलेलं नाही. भीष्म, द्रोण, कर्ण, दुर्योधन. चौघांच्या शेवटात नियम वाकवलेला आहे: शिखंडीची आड, 'अश्वत्थामा हतः'चं अर्धसत्य, चाक रुतलेलं असताना सुटलेला बाण, कमरेखालचा वार. चारही वेळा जिंकणारा पक्ष तोच आणि चारही वेळा त्याच्या खात्यावर काहीतरी चढतं. म्हणजे मरणाऱ्यांची नशिबं जुळवून मारणाऱ्यांबद्दल बोलता येतं. हे करायचं तर प्रत्येक वेळी वेगळा नियम मोडा, नाहीतर चौथ्यांदा वाचक जांभई देईल.

हा सगळा हिशेब ठेवायचा कसा?

गुगल शीट किंवा शंभर पानी वही, काहीही चालेल. कॉलम एवढे: क्रमांक, मूळ वाक्य शब्दशः, खंड आणि प्रकरण, त्या जागेचं आजचं काम, पुढचं काम, कोणत्या पात्राला ठाऊक, उलगड्याचं प्रकरण, स्थिती. स्थितीत तीनच शब्द: उघडी, फिटली, सोडली. पान क्रमांक लिहू नका, अक्षरजुळणीत पानं बदलतात.

'आजचं काम' हा कॉलम रिकामा राहिला तर ती चाहूल उचकटून काढा, किंवा तिला काम द्या. 'कोणाला ठाऊक' हा कॉलम सगळ्यात कंटाळवाणा, पण ज्या पात्राला माहीत नसायला हवं तेच पात्र दुसऱ्या खंडात सहज बोलून जातं, ही चूक फक्त तिथेच पकडली जाते.

संपादनाला देताना उघड्या चाहुलींची यादी सोबत द्या. चांगली चाहूल बिनकामाच्या तपशिलासारखी दिसते, आणि बिनकामाचा तपशील कापणं हेच संपादकाचं काम असतं.

पहिला खंड छापून झाला. आता काही पेरायचं राहिलं असेल तर?

आधी छापलेला खंड पेन्सिल घेऊन वाचा आणि ज्यांचं पुढे काहीच झालं नाही असे तपशील खुणेने वेगळे काढा: कोणाची न सांगितलेली जखम, न उघडलेली पेटी, उगाच आलेलं गावाचं नाव. त्यातूनच चाहूल तयार होते, आणि मुद्दाम न पेरल्यामुळे ती सहज दिसते.

तेही नसेल तर नवीन आवृत्ती. 'द हॉबिट'च्या १९३७ सालच्या आवृत्तीत गॉलम हा गुहेतला प्राणी नायक बिल्बोशी लावलेली कोड्यांची पैज हरल्यावर अंगठी बक्षीस द्यायला तयार असतो. पुढच्या मोठ्या कथेत अंगठी कोणी खुशीने सोडणं शक्यच नव्हतं, म्हणून टोल्किनने ते प्रकरण बदललं आणि १९५१ च्या आवृत्तीत नवं रूप आलं. खरी कमाल त्यानंतरची. जुनं रूप टाकून न देता ते बिल्बोने सांगितलेलं खोटं होतं असं ठरवलं. अंगठी हाती येताच सज्जन बिल्बो खोटं बोलायला लागला, ही पुढच्या तीन खंडांची चाहूल झाली. आपली चूक एखाद्या पात्राच्या माथी मारता येते का, हे नेहमी तपासा.

चाहूल फार उघडी आहे की फार झाकलेली, हे कसं कळणार?

पाच वाचक घ्या, मालिका आधी न वाचलेले. उलगड्याच्या आधीच्या प्रकरणाशी थांबवून विचारा, 'पुढे काय होईल?' एखाद्याने ओळखलं तर माप बरोबर. चौघांनी ओळखलं तर तिसरी चाहूल काढा, पहिलीला हात लावू नका. मग उलगडा वाचायला द्या आणि विचारा, 'आधी कुठे सुचवलं होतं, आठवतं का?' कोणालाच एकही जागा आठवली नाही तर दुसरी चाहूल ठळक करा. 'आवडलं का' हे विचारू नका. कोल्हापुरात उत्तर 'नाद खुळा' येईल आणि तुम्हाला काहीच कळणार नाही.

मालिका अपूर्णच राहिली तर त्यातल्या चाहुली वाया गेल्या का?

फिटलेल्या वाया गेल्या नाहीत, एवढंच. मार्टिनची मालिका अशीच अपूर्ण, पाचवा खंड २०११ साली आला. पण दुसऱ्या खंडातलं (१९९८) लांडग्याचं शिर असलेल्या मृत राजाचं मेजवानीतलं दृश्य तिसऱ्या खंडात (२०००) फिटलं आहे आणि ते अभ्यासायला पूर्ण आहे. शिकायचं असेल तर फिटलेल्या जोड्यांवर शिका. उघड्या चाहुलींवर तर्क लढवणं ही मजा आहे, अभ्यास नव्हे.

रंकाळ्यावर मित्र अर्ध्या मालिकेत आहे. त्याला 'या वाक्याकडे लक्ष दे' म्हणावं का?

नाही. तेवढं म्हणणंही उलगडाच आहे.

एका वाचकाने शेवट आधीच ओळखून सगळ्यांना सांगितला. बदलू का?

नाही. शेवट बदललात तर मागच्या तिन्ही चाहुली हूल ठरतात आणि वहीतल्या अर्ध्या ओळी 'सोडली' होतात. त्याऐवजी उलगड्याचा प्रसंग उघडा आणि त्यात 'काय झालं' सोडून अजून काय आहे ते मोजा. पाणी का उतरलं हे ओळखलेल्या वाचकालाही, भुयार फुटतं त्या रात्री टाक्याच्या काठावर गंगेची घागर यशवंतच्या हातात का असते, हे ठाऊक नसतं. तसं काही तुमच्या प्रसंगात नसेल, तर खंड प्रेसला जायच्या आधी तेवढं लिहा.